सावलीला अनुदान नसतं

घराचं नूतनीकरण निघालं आणि ‘या निमित्तानं पर्यावरणाचंही बघू’ असं घरातलं कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग काय काय बसवायचं? छतावर सौर पॅनेल, कमी वीज खाणारा एसी, नवा फ्रिज, दुहेरी काचांच्या खिडक्या. यादी लांबत जाते, कंत्राटदार खूश होतो आणि जुनी दारं, खिडक्या, फरश्या, कपाटं ट्रकमध्ये भरून दृष्टीआड होतात. सरकारी योजनांची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. ज्या वस्तूवर क्रमांक असतो, जिची पावती फाइलला लावता येते, तिला अनुदान मिळतं. पश्चिमेच्या खिडकीवर कुणी छज्जा काढला किंवा दाराखालची फट बुजवली, तर त्यासाठी भरायचा फॉर्म सहसा कुठे नसतो.

क्रम उलटा झाला आहे, असं माझं म्हणणं आहे. घराला ऊर्जा लागते ती कशापायी, हे आधी शोधावं. डागडुजीनं, सावलीनं, फटी बुजवून जेवढी गरज कमी होते तेवढी करून घ्यावी आणि उरलेल्या गरजेपुरतं यंत्र आणावं. सार्वजनिक पैसाही खरेदीच्या पावतीवर न देता कामानंतर मोजलेल्या फरकावर द्यावा. यात नवं असं काही नाही, तरी व्यवहार याच्या उलट चालतो आणि त्याला अज्ञानाखेरीज इतरही कारणं आहेत. यंत्र विकणारा असतो. सावली विकणारा कुणी नसतो.

प्रश्न किरकोळ नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी साधारण तीस टक्के ऊर्जा इमारती चालवण्यातच जाते, त्या बांधण्याचा हिशेब वेगळाच. आणि पुढच्या दोन-तीन दशकांत लोक ज्या घरांत राहणार आहेत त्यांतली कितीतरी आजच उभी आहेत. तेव्हा नव्या ‘हरित’ संकुलांच्या चकचकीत पुस्तिकांपेक्षा जुन्या घरांच्या डागडुजीचा प्रश्न मोठा आहे.

आधी थोडं गणित करू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्या हिशेबानं शंभर लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर जवळपास २.९ युनिट वीज हवी. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तर दिवसाला ०.०४५ युनिट खातो. म्हणजे एका दिवसाच्या गरम पाण्याला जेवढी वीज लागली, तेवढ्यात तो दिवा दोन महिने रोज संध्याकाळी जळेल. जुने बल्ब काढून एलईडी लावावेत, यात वाद नाही. साठ वॅटचं काम नऊ वॅटमध्ये होत असेल तर ते करायलाच हवं. पण दिवे बदलून झाले की ‘आम्ही आमचा वाटा उचलला’ असं समाधान वाटायला लागतं, आणि गीझरपासून न्हाणीघरापर्यंत उघड्या पडलेल्या पाइपकडे कुणी बघत नाही. त्या पाइपात प्रत्येक वेळी थोडं तापलेलं पाणी उरतं आणि निवून जातं. त्यावर फोमची नळी चढवणं हे तासाभराचं काम. शॉवरची तोटी मिनिटाला पंधरा लिटर सोडणारी असेल तर आठ लिटरची लावणं हे दहा मिनिटांचं. हे झाल्यावर पाणी तापवायला उष्णता पंप आणावा की सौर टाकी, याचा विचार करावा. उष्णता पंप हे यंत्र चांगलंच आहे : तो उष्णता तयार करत बसत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पदरात पडते. पण गरज आधी निम्म्यावर आणली असेल तर तो पंपही लहान पुरतो.

गरम पाण्याखेरीज दुसरा मोठा खर्च हवा गार किंवा उबदार ठेवण्याचा. इथे हवामानाप्रमाणे नियम बदलतात, आणि सल्ले देणाऱ्यांची गल्लत इथेच होते. थंड प्रदेशातून आलेला सल्ला उष्ण प्रदेशात जशाच्या तसा उचलला जातो.

काचेचंच बघा. एकेरी काचेच्या जागी दुहेरी काच आली की आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे वाहणारी उष्णता साधारण निम्म्यावर येते. कडाक्याच्या थंडीत याचा मोठा फायदा होतो. पण उन्हाचा मारा असलेल्या खिडकीचं दुखणं वेगळं असतं. तिथे उष्णता येते ती थेट किरणांतून, आणि साधी पारदर्शक काच दुहेरी केली तरी उन्हातली सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता आत सोडते. एवढा खर्च करून पश्चिमेची खोली दुपारनंतर तापतेच, मग जाड पडदा लावला जातो. पडद्यानं डोळ्यांना बरं वाटतं. पण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं, म्हणजे छज्जा, झडप, बाहेरची चिक, जाळी, वेल, यांपैकी काहीही, तर बरीचशी उष्णता आत येतच नाही. यातही एक बारकावा आहे. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, त्याला आडवा छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरतं. तिथे उभी आडोशाची फळी किंवा उघडझाप करता येणारी झडप लागते. चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे काढणाऱ्या आर्किटेक्टनं ऊन कधी पाहिलंय की नाही, अशी शंका येते.

छताचंही असंच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला छत काय असतं ते वेगळं सांगावं लागत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं नेहमीपेक्षा जास्त दगावली. वृद्धांच्या मृत्यूंचा नंतर अभ्यास झाला, त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये आजारपण आणि एकटेपणा यांच्या जोडीला दोन गोष्टी घराच्या निघाल्या : उष्णतारोधक थर नसणं आणि थेट छताखालच्या खोलीत झोपणं. गडद रंगाचं छत उन्हातली बहुतेक उष्णता पिऊन घेतं. नवा पांढरा लेप तिच्यातली दोन-तृतीयांशाहून जास्त परतवून लावतो. धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, म्हणून तो धुवावा लागतो, काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. जिथे वर्षातले आठ महिने घर तापवावं लागतं तिथे मात्र पांढरं छत तोट्याचंही ठरू शकतं. कुठलाच उपाय सगळीकडे चालत नाही, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुष्कळ पैसा वाचतो. सौम्य हवामानात भिंतींवर बाहेरून जाड थर चढवणं हा मला बहुतेक वेळा उधळपट्टीचा प्रकार वाटतो, विक्रेते काहीही म्हणोत.

मग फटी. फटींबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण एक तपासणी असते, ती एकदा बघण्यासारखी आहे. मुख्य दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणून बसवतात, त्यात एक मोठा पंखा. बाकी दारं-खिडक्या बंद करून पंखा हवा बाहेर खेचू लागतो, आत आणि बाहेर ५० पास्कलचा फरक ठेवतो. हा दाब म्हणजे पाण्याच्या पाच मिलिमीटर उंचीएवढा, फार नाही. मग उदबत्ती पेटवून घरभर फिरायचं. धूर सरळ वर जायचा तो स्विचबोर्डाजवळ आडवा होतो. सिंकखाली, पाइप भिंतीत शिरतो तिथे, फरफटत खोलीत येतो. एसीच्या नळ्यांसाठी पाडलेलं भोक, खिडकीची चौकट आणि गिलावा यांच्यामधली केसाएवढी चीर, दाराचा खालचा काठ, फॉल्स सीलिंगमधले दिव्यांचे खड्डे. घरमालकाला खात्री असते की हवा खिडकीच्या झडपेतून येते. धूर दाखवतो की ती चौकटीच्या मागून येतेय, जिथे गवंड्यानं भराव न घालताच लांबी (पुट्टी) फिरवली होती. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ मध्ये पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे तापवायला किंवा गार करायला अगदी थोडी ऊर्जा लागणारं घर, उभं राहिलं. त्या पद्धतीच्या नव्या घरासाठी अशी अट असते की या तपासणीत तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा फटींतून बदलता कामा नये. जुन्या घराच्या नूतनीकरणासाठी ती अट एक पटीपर्यंत सैल केलेली आहे. सगळ्यांनी ती गाठावी असं नाही. पण मोजून बघितल्याशिवाय फटी कुठे आहेत हे कळत नाही, आणि सिलिकॉनची नळी घेऊन नुसतं दिसेल तिथे भरत सुटणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

फटी बुजवण्यावर एक रास्त आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. घर हवाबंद केलं की ओल कुठे जाणार? माणसं श्वास घेतात, स्वयंपाक करतात, कपडे वाळत घालतात. ती सगळी वाफ जुन्या घरात फटींतून निघून जायची. फटी गेल्या की ती थंड कोपऱ्यात, कपाटामागच्या भिंतीवर पाणी होऊन बसते, आणि हंगाम संपेपर्यंत तिथे काळी बुरशी. जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की आत शिरलेलं पाणी अडकून पडतं आणि भिंत आतून फुगते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे गॅसवर चालणारा गीझर किंवा शेगडी असलेली खोली हवेची सोय न करता बंद करणं. तिथे कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो. म्हणून नको तिथली हवा बंद करायची आणि हवी तिथे मुद्दाम सोडायची, ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात खरोखर बाहेर हवा टाकणारा पंखा हवा. (‘खरोखर’ मुद्दाम म्हटलं, कित्येक चिमण्या ओट्यावरची वाफ जाळीतून फिरवून परत खोलीतच सोडतात.) थंड प्रदेशात बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्रही मिळतं. जो कंत्राटदार फटी बुजवण्याचा दर सांगतो आणि वायुवीजनाबद्दल चकार शब्द काढत नाही, त्याला काम देऊ नये.

यंत्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. जुना एसी काढून नवा लावला की वीज वाचते, हे खरं. पण जुन्यातल्या, गारवा देणाऱ्या वायूचं काय होतं? बसवायला आलेला माणूस घाईत असतो; पान्यानं नळीचा नट सैल करतो, फुस्स असा आवाज होतो, दोन मिनिटांत काम झालं. त्या आवाजात गेलेला वायू जर आर-४१०ए असेल, तर शंभर वर्षांच्या मापानं तो कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट उष्णता धरून ठेवतो. एक किलो गेला म्हणजे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं. नव्या एसीनं वाचवलेल्या विजेतून हे फेडायला वेळ लागतो. वास्तविक चालू अवस्थेतल्या स्प्लिट एसीचा वायू बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून झडपा बंद करायला काही मिनिटं पुरतात, आणि युनिट मोडीत जाणार असेल तर तिथून तो सिलिंडरमध्ये काढून घेता येतो. मुळात नवा घेताना आर-३२ (६७५ पट) किंवा प्रोपेन (जेमतेम तीन पट) असलेला निवडता येतो. प्रोपेन ज्वलनशील असतो, म्हणून तो बसवणारा माणूस शिकलेला हवा. २०१६ च्या किगाली करारात जवळपास सगळ्या देशांनी असे वायू टप्प्याटप्प्यानं कमी करायचं मान्य केलंय. करार झाला, नट सैल करणाऱ्या हातापर्यंत तो पोचायचा आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर पाडकामाला लागू होतं. ‘जुनी इमारत ऊर्जा खाते, पाडून नवी हरित बांधू’ हा युक्तिवाद बिल्डरांना फार प्रिय आहे. पण सिमेंट तयार करायला चुनखडी १४५० अंशांच्या आसपास भाजावी लागते. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा, आणि चुनखडीतून रासायनिक क्रियेनं सुटणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा. हा दुसरा भाग निम्म्याहून जास्त आहे आणि भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो चुकत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे. जुन्या इमारतीत हा खर्च होऊन गेलेला आहे. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेनं २०११ च्या अभ्यासात हिशेब मांडला, की जुनी इमारत वापरात ठेवण्याऐवजी तीस टक्के जास्त कार्यक्षम नवी बांधली तर बांधकामानं झालेलं हवामानाचं नुकसान भरून यायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षं लागतात. आपल्या हातात तेवढी वर्षं नाहीत. पाडणं कधीच करू नये असं नाही. सांगाड्यातलं लोखंड गंजून सिमेंट सुटायला लागलं असेल तर तिथे राहणाऱ्यांचा जीव आधी. पण कार्यक्षमतेच्या नावाखाली धडधाकट इमारत पाडायची असेल तर हा हिशेब मांडायला लावला पाहिजे.

जागेवर ठेवून काय करता येतं, याचं माझं आवडतं उदाहरण फ्रान्समधल्या बोर्दोचं आहे. तिथल्या ग्रां पार्क वस्तीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारती होत्या, ५३० घरं, लहान खिडक्या, पाडण्याच्या वाटेवरच्या. वास्तुविशारद लाकाताँ आणि वासाल यांच्या चमूनं त्या पाडल्या नाहीत. जुन्या भिंतीतल्या लहान खिडक्या काढून तिथे जमिनीपासून छतापर्यंतची सरकती काच लावली आणि बाहेरून प्रत्येक घराला एक काचेनं बंद करता येणारी जादा खोली आणि गॅलरी जोडली. हिवाळ्यात ती खोली ऊन धरून ठेवते. उन्हाळ्यात काच सरकवली, पडदा ओढला की घराला सावली. काम चालू असताना भाडेकरू आपापल्या घरातच राहत होते. २०२१ मध्ये या दोघांना वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. न पाडण्याचा आग्रह धरणाऱ्यांना ते मिळावं, याचं मला विशेष वाटतं.

दुसरं उदाहरण घराचं नाही, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं आहे, पण ते मुद्द्याचं आहे. तिथल्या ६५१४ खिडक्या बदलायच्या ऐवजी उतरवल्या, इमारतीतच एक कारखाना थाटून दोन काचांमध्ये पातळ फिल्म आणि वायू भरला, आणि त्याच काचा परत बसवल्या. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे फलक लावले. गरज कमी झाल्यामुळे शीतकरणाची अवाढव्य यंत्रं नवी आणि मोठी घ्यावी लागली नाहीत, जुन्याच सांगाड्यांत नवे भाग घालून काम भागलं. सगळ्या कामाचं उद्दिष्ट होतं ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी घटवण्याचं. आधी खिडकी, मग यंत्र, हा क्रम त्यांनी पर्यावरणाच्या प्रेमापोटी घेतला असेल-नसेल. त्यात पैसा वाचत होता, एवढं नक्की.

सौर पॅनेलवाल्यांचं म्हणणं इथे ऐकून घेतलं पाहिजे. पॅनेलच्या किमती गेल्या दशका-दीड दशकात इतक्या कोसळल्यात की कित्येक घरांत भिंतीच्या कामापेक्षा पॅनेलचा खर्च लवकर वसूल होतो. मग फटींच्या मागे का लागायचं? स्वतःचं, मोकळं, सावली न पडणारं छत असेल तर जरूर पॅनेल लावावं. पण पॅनेल भर दुपारी सर्वाधिक वीज देतं, आणि तापलेल्या भिंती रात्री उष्णता सोडतात तेव्हा ते झोपलेलं असतं. बहुमजली इमारतीत छत एक आणि बिऱ्हाडं चाळीस. शिवाय अख्खं गाव संध्याकाळी सातला एसी लावतं तेव्हाची वीज कुठून तरी आणावीच लागते. गरज कमी केलेल्या घराला यातलं कमी लागतं, चोवीस तास. आणखी एक क्रमाचा मुद्दा : छताची गळती आणि वॉटरप्रूफिंग न करता पॅनेलचे पाय ठोकले तर चार वर्षांनी गळती काढायला सगळं उतरवावं लागतं. हा खर्च अनुदानात धरलेला नसतो.

आता सरकारांकडे. घाईनं, वस्तूंच्या मोजणीवर पैसा वाटला किंवा तपासणीत ढिलाई केली की काय होतं, याचे तीन दाखले गेल्या वीस वर्षांतले आहेत. ऑस्ट्रेलियानं २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून छतांमध्ये उष्णतारोधक थर घालायची योजना काढली. दहा लाखांहून जास्त घरांत काम झालं. रातोरात नवे ठेकेदार उगवले, पोरांना धड शिकवलं नाही आणि चार तरुण कामगार मेले. तिघं विजेच्या धक्क्यानं, एक छताखालच्या उकाड्यानं. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात बाहेरून उष्णतारोधक थर आणि त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे बसवले होते, पत्र्यांच्या पोटात पॉलिएथिलीन, म्हणजे पेट घेणारं प्लास्टिक. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. आणि इटलीनं २०२० मध्ये घरांच्या ऊर्जा-सुधारणेच्या खर्चाच्या ११० टक्के करसवलत द्यायची घोषणा केली. ज्याला खर्चापेक्षा जास्त परत मिळतं तो दराची घासाघीस कशाला करेल? कामांचे दर फुगले, फसवणुकीची प्रकरणं निघाली, तिजोरीवर शंभर अब्ज युरोंहून मोठा बोजा पडला.

यावरून काही जण म्हणतात, सरकारनं यात पडूच नये. मला ते पटत नाही. ग्रेनफेलमध्ये कमी पडले ते नियम आणि त्यांची तपासणी. थर चढवण्याची कल्पना दोषी नव्हती. सरकारनं पडावं, फक्त पैसे दुसऱ्या जागी ठेवावेत : कामाआधीच्या तपासणीवर, कारागिरांच्या प्रशिक्षणावर, आणि कामानंतरच्या मोजणीवर. अनुदानाचा निम्मा हप्ता काम झाल्यावर वर्षभराची बिलं आणि खोलीतलं तापमान बघून द्यावा. ठेकेदार मग फटीकडेही बघेल.

नुसती बिलं पुरणार नाहीत, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये केंब्रिजच्या दोन संशोधकांनी जर्मनीतल्या घरांचे आकडे तपासले, तेव्हा जुन्या घरांतले लोक कागदावरच्या अंदाजापेक्षा सरासरी तीस टक्के कमी ऊर्जा वापरताना आढळले. कारण सरळ आहे. गळक्या घरात राहणारा माणूस एकच खोली तापवतो, बाकीच्यांत कुडकुडतो. त्याचं घर सुधारलं की तो आणखी दोन खोल्या उबदार ठेवतो आणि बचत कागदावरच राहते. कोळशाच्या बाबतीत इंग्लिश अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच म्हटलं होतं की इंजिनं सुधारली की कोळसा कमी जळत नाही, जास्त जळतो. कार्यक्षमतेच्या विरोधकांचा हा लाडका दाखला. पण कुडकुडणारी म्हातारी आता कुडकुडत नाही, याला मी अपव्यय म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये थंडीत घरात किमान १८ अंश तापमान सुचवलं ते आरोग्यासाठी. गरिबाच्या घरात युनिट वाचले नाहीत आणि तापमान सुसह्य झालं, तरी ते काम यशस्वी धरावं. तीन एसी असलेल्या बंगल्यात मात्र युनिटच मोजावेत.

आणि सगळ्यात अवघड गाठ भाड्याच्या घरांची. खिडकी घरमालकाची, वीजबिल भाडेकरूचं. मालक म्हणतो, बचत त्याची, मी कशाला खर्च करू? भाडेकरू म्हणतो, दोन वर्षांनी मला जायचंय, मी याची भिंत का सुधारू? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि खिडकी तशीच राहते. या लेखातले बहुतेक सल्ले स्वतःचं घर असलेल्यांनाच उपयोगी आहेत, हे मला लिहितानाही खुपतंय. फ्रान्सनं १ जानेवारी २०२५ पासून ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत खालच्या ‘जी’ श्रेणीतली घरं नव्यानं भाड्यानं द्यायला मनाई केली. हे धाडसाचं आहे, पण मालकानं घर बाजारातूनच काढून घेतलं तर भाडेकरूनं कुठे जायचं, हा प्रश्न उरतो. उलट टोकाला, सुधारणेचा खर्च भाड्यात टाकायची मुभा दिली की सुधारणा हेच जुन्या भाडेकरूला घालवायचं हत्यार होतं. जर्मनीत अशा खर्चाच्या आठ टक्के रक्कम वार्षिक भाड्यात वाढवता येते. २०१९ पूर्वी ती ११ टक्के होती.

मला त्यातल्या त्यात बरा वाटतो तो जर्मनीतलाच २०२३ पासूनचा दुसरा नियम. तिथे घर तापवायच्या इंधनावर कार्बनचा आकार, म्हणजे त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबानं शुल्क, लागतो. आधी तो सगळा भाडेकरूच भरत असे. आता घराची अवस्था बघून त्याचे दहा टप्पे केलेत. घर उत्तम असेल तर आकार पूर्णपणे भाडेकरूचा, कारण मग वापर त्याच्या सवयींवर ठरतो. घर जितकं गळकं, तितका मालकाचा वाटा चढत जातो, आणि सर्वांत वाईट घराच्या मालकाला ९५ टक्के भरावे लागतात. आज कार्बनचा आकारच लहान आहे, म्हणून मालकाला चिमटा फारसा जोरात बसत नाही. तोच हिशेब पूर्ण ऊर्जाबिलाला लावून बघायला काय हरकत आहे?